बास गिटार : वाद्यवृंदाचे जोते

(द्वितीय वर्ष, कला)

घराच्या जोत्यावर खर्च झालेला पैसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. वास्तुशांतीला आलेले पाहुणे भिंतींचा रंग पाहतात, फरशीचे कौतुक करतात. जोते किती फूट भरले असे विचारणारा पाहुणा विरळाच. वाद्यवृंदात बास गिटारचे तसेच आहे. गणेशोत्सवात किंवा नवरात्रात गाण्यांचा कार्यक्रम असतो तेव्हा टाळ्या गायकाला पडतात, शिट्ट्या ऑक्टोपॅडवाल्याला मिळतात. मागच्या अंगाला, दिव्यांच्या उजेडाबाहेर, लांब दांड्याची चार तारांची गिटार घेऊन एक मुलगा उभा असतो. तो नक्की काय करतो, हे पुष्कळांना कार्यक्रम संपेपर्यंत उमगत नाही.

इचलकरंजी-मिरज भागातल्या अशा कार्यक्रमांत तो मुलगा गेली तीन वर्षे मी आहे. वर्गमित्र आणि एक-दोन प्राध्यापकही मला तेच तीन प्रश्न विचारतात. हे वाद्य करते काय? घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे? आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात ते कसे वाजवावे? या लेखात त्याच क्रमाने उत्तरे देतो.

खर्ज कशाला हवा?

बासच्या चार तारा जाडीकडून बारीककडे पेटीच्या भाषेत अशा लागतात : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपने करते. म्हणजे बास तिच्याहून बरोबर एक सप्तक खाली बोलते. तबल्यातून डग्गा काढून घेतला तर बोल ऐकू येतील, पण ठेका अंगात उतरणार नाही. तानपुऱ्यातून खर्जाची तार काढली तर सूर लागेल, पण बैठक जाईल. बास ही दोन्ही कामे एकटी करते. ती तालाचा ठोका धरते आणि गाणे कोणत्या सुरावर उभे आहे तेही सांगते.

पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम माणसाच्या उंचीचे डबल बास हे वाद्य करी. ते बसमध्ये घालून न्यायचे म्हणजे दिव्यच. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसतात, त्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली गळ्यात अडकवता येईल अशी, पडदे असलेली विजेची बास बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’ ठेवले. १९६० साली त्याच कंपनीची ‘जाझ बास’ आली. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक बास या दोघींच्याच लेकी-नाती असतात. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात हे वाद्य चांगलेच रुजले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवीत. त्यांची नावे पडद्यावर क्वचितच आली, पण ती गाणी आजही ज्या डौलाने चालतात त्यात बासचा वाटा मोठा आहे.

वाद्य निवडताना

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. बासची किंमत ऐकून ते म्हणाले, “सहा तारांच्या गिटारीपेक्षा ही चार तारांची म्हाग? दोन तारा कमी, तर पैसं कमी नकोत व्हय?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तरही रास्त आहे. बासची दांडी लांब असते. घोडीपासून दांडीच्या टोकाच्या नटपर्यंत तारेची मोकळी लांबी बहुधा ३४ इंच. तारा जाड, आणि त्या चौघींचा मिळून ताण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या घरात, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका. तो ताण वर्षानुवर्षे सोसून दांडी वाकता कामा नये. पैसा तारांचा नाही; त्या पेलणाऱ्या लाकडाचा आणि दांडीच्या पोटातल्या लोखंडी सळईचा आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर वाद्य आधी विजेला जोडू नये. दुकानदार ते अँप्लिफायरला लावतो, आवाज चढवतो आणि सगळेच गोड वाटू लागते. प्रथम ते नुसते हातात घ्यावे. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडद्यावर बोट ठेवून सूर वाजवावा. कुठे तार पडद्याला घासून खरखरते का, कुठे सूर बसतो का, ते ऐकावे. आमच्याकडे मिरजेला तंतुवाद्ये बनविणारी घराणी आहेत; तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे कारागीर घोडी घासून घासून जवारी काढतात, म्हणजे तार घोडीला हलके स्पर्शत राहावी आणि सुराला झंकार यावा यासाठी जिवाचे रान करतात. बासमध्ये नेमके उलट. तारेचा धातूला नको तिथे स्पर्श झाला की सुराचा दम जातो. तानपुऱ्याचा गुण तो बासचा दोष.

नंतर पट्टा लावून दहा मिनिटे उभे राहावे. बास चार किलोच्या आसपास भरते, आणि कार्यक्रम तीन-चार तासांचा असतो. हात सोडल्यावर दांडी जमिनीकडे झुकत असेल तर ती रात्रभर डाव्या हाताने उचलून धरावी लागेल. हात लहान असतील तर ३० इंची बासही मिळते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची प्रसिद्ध हॉफ्नर बास त्याच मापाची आहे, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

आता विजेची बाजू. तारांखाली जे चुंबकाचे डबे असतात त्यांना पिकअप म्हणतात. तार हलली की त्यातील वेटोळ्यात क्षीण वीज निर्माण होते. साध्या एकेरी वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विजेची गुणगुणही उचलतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, आणि बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ कंपनांचा. म्हणजे गुणगुण नेमकी आपल्याच गल्लीत राहायला येते! ‘प्रिसिजन’ घराण्यात १९५७ पासून पिकअपचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे ही गुणगुण परस्पर कटते. ‘जाझ’मध्ये दोन पिकअप असतात, दोन्ही सारखे उघडले की तेच साधते. मांडवात, जिथे दिव्यांच्या माळा आणि जनरेटर शेजारीच असतात, तिथे हा गुण फार मोलाचा.

काही बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. तिने आवाजावर अधिक ताबा मिळतो, पण एक नेम लक्षात ठेवावा : बासमध्ये वायर खुपसलेली असेल तोवर बॅटरी जळत राहते. चहाला जाताना वायर उपसावी, आणि खिशात एक जादा बॅटरी असावी. पाच तारांच्या बासचा मोह पहिल्या खेपेस टाळावा. तिची पाचवी तार ३१ कंपनांपर्यंत उतरते. तो सूर वाजवणारे स्पीकर गावच्या मांडवात क्वचितच येतात.

माझा हिशेब मांडतो. वापरलेली चार तारांची बास ११,००० रुपये, पडदे-दांडी साफसूफ करून घेणे ६००, नव्या तारा १,९००, पिशवी व पट्टा १,४००, चांगली वायर ८००, आणि डी.आय. बॉक्स नावाची डबी २,३००. एकूण १८,०००. मला एका नाइटचे ८०० रुपये मिळतात, म्हणजे साडेबावीस कार्यक्रमांची कमाई. काही रक्कम आईच्या भिशीतून आली. अशा पैशाला प्रत्येक रुपयाचा जाब द्यावा लागतो. तेव्हा एवढेच सुचवतो की सगळे पैसे वाद्यात घालू नयेत. दहा हजारांचे नीट बसवलेले वाद्य वीस हजारांच्या न बसवलेल्या वाद्यापेक्षा चांगले वाजते.

बसवणे म्हणजे काय? जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी. मधल्या सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट दिसावी. कमी-जास्त असेल तर दांडीतली सळई चावीने किंचित फिरवतात. पावसाळ्यात लाकूड ओल पिते आणि ही फट बदलते, म्हणून गणपतीच्या आधी एकदा पाहून घ्यावे. दुसरे, बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून काढलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला सूर चढा लागला तर घोडीचा तुकडा मागे सरकवावा. तारांचे म्हणाल तर गोल गुंडाळीच्या तारा खणखणीत बोलतात. चपट्या गुंडाळीच्या तारा मऊ, थोड्या दबक्या. जुन्या हिंदी गाण्यांना दुसऱ्या शोभतात.

आवाज बाहेर कसा काढावा?

४१ कंपनांच्या सुराची हवेतील एक लाट सुमारे २७ फूट लांब असते. इतकी हवा हलवायची तर मोठा स्पीकर आणि भरपूर शक्ती लागणारच. त्यातून माणसाचा कान खर्जाला कमी संवेदनशील. म्हणून गिटारवाल्याचे तीस वॅटवर भागते तिथे ड्रमसोबत वाजणाऱ्या बासवाल्याला दोन-तीनशे वॅटही पुरतीलच असे नाही. पुन्हा शंभरचे दोनशे वॅट केले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे नसते. तीनच डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटण्यासाठी दहापट शक्ती लागते.

मग सामान्य विद्यार्थ्याने काय करावे? आपल्याकडील कार्यक्रमांना साउंडवाले आपली मोठी यंत्रणा घेऊन येतात. तिचा उपयोग करावा. घरी सरावाला वीस-तीस वॅटचा छोटा अँप्लिफायर पुरतो. मांडवात बास थेट मिक्सरकडे पाठवायची, आणि त्यासाठी ती डी.आय. बॉक्सची डबी. बासमधून निघणारा संदेश फार नाजूक असतो. शंभर फूट वायरमधून तो जाताना क्षीण होतो आणि वाटेत गुणगुण गोळा करतो. ही डबी त्याचे रूप बदलते, त्यामुळे लांबचा प्रवास तो सुखरूप करतो. साउंडवाल्याकडे ती नेहमी असतेच असे नाही. स्वतःची बाळगावी.

जागेचाही विचार हवा. बासचा स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो. पोकळ फळ्यांच्या रंगमंचावर ठेवला तर रंगमंचच ढोलासारखा घुमतो. अशा वेळी तो खुर्चीवर चढवावा. पत्र्याच्या सभागृहात एखादाच सूर असा धरतो की पत्रे खडखडू लागतात. तो सूर आधी तालमीत शोधून ठेवावा आणि गाण्यात आला की वरच्या सप्तकात घ्यावा. दोन तारा पलीकडे, दोन पडदे पुढे, इतके ते सोपे आहे.

विजेशी खेळ नको

हा भाग नीरस आहे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बासच्या तारा आतून अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. वादकाचा हात तारांवर असतो. समोरचा माइक दुसऱ्या जोडणीवर असेल आणि त्यात बिघाड होऊन वीज उतरली असेल, तर माइकला हात किंवा ओठ लागताच प्रवाह छातीतून जातो. स्कॉटलंडच्या ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर असाच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता.

आपल्याकडे ही भीती दूरची नाही. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकायची खोड अनेकांना असते. गेल्या वर्षी एका मंडळाच्या मांडवात मी असाच प्लग पाहिला. सकाळी पाऊस पडून गेलेला, चटई ओली. आमच्या गायिकेने माइक धरण्यापूर्वी मी टेस्टर लावला तो मंद पेटला. वायरमनला बोलावून जोडणी बदलून घेतली. कार्यक्रम पाऊण तास उशिरा लागला आणि कार्यकर्त्यांची बोलणी खावी लागली. ती खाऊन घ्यावीत. टेस्टर पेटला नाही म्हणजे सारे ठीक असेही समजू नये. जनरेटरचे अर्थिंग झाले आहे का, गळती पकडून वीज तोडणारा ब्रेकर बसवला आहे का, हे विचारावेच. गुणगुण घालवायला डी.आय. बॉक्सवर वेगळे बटण असते. त्यासाठी पिन मोडावी लागत नाही.

कार्यक्रमाच्या रात्री

बास वाजवण्यातली पहिली गोष्ट म्हणजे कमी वाजवणे. गायकाने आयत्या वेळी “काळी एक नको, काळी दोन घेऊ” म्हटले तरी घाबरण्याचे कारण नाही. एक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी. सगळा आकार तसाच दोन पडदे पुढे सरकवायचा. षड्ज सापडला की पंचम हाताशीच असतो : शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे वरचा पंचम, आणि शेजारच्या जाड तारेवर त्याच पडद्याला खालचा. निम्मी गाणी या दोन सुरांवर उभी राहतात. सूर वेळेवर सुरू करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर थांबवणे. बोट उचलून तार गप्प केली की तालाला हवा मिळते.

ढोलक वाजत असेल तेव्हा त्याची डावी बाजू खर्जातच बोलत असते. दोघांनी एकदम बोलायचे की आळीपाळीने, हे तालमीत ठरवावे. नाही तर खाली नुसता चिखल होतो. कीबोर्डवाल्याशीही बोलून घ्यावे, कारण त्याचा डावा हात सवयीने बासच वाजवीत असतो.

इथेच आम्हा बासवाल्यांचा पोटाचा प्रश्न आहे. आयोजक म्हणतात, “बास कीबोर्डवर वाजतोच की. एक माणूस कमी करा.” काही वाद्यवृंदांनी तसे केलेही. कीबोर्ड स्वस्तात सूर देतो हे खरे. पण गायिका भावनेच्या भरात एखादी ओळ लांबवते तेव्हा तिच्यासाठी थांबायचे कुणी? ढोलकीवाला रंगात येऊन लय ओढू लागला तर त्याला धरायचे कुणी? कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. बासवाल्याला दुसरे काम नसते. सगळ्यांकडे लक्ष देणे हेच त्याचे काम. आपली जागा टिकवायची असेल तर हे काम इतके चोख करावे की एखाद्या रात्री आपण नसलो तर इतरांना पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटावे.

वेळेचेही भान हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतात. वर्षातून फार तर पंधरा दिवस शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. म्हणून आवाजाची चाचणी उजेडी उरकावी. चाचणीला उशीर झाला की कात्री शेवटच्या गाण्यांना लागते.

कान

पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसला तर कानाला फारसा धोका नाही असे मानतात. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. मांडवात स्पीकरपुढे शंभर ही काही मोठी गोष्ट नव्हे. कानात घालायचे बोळे थोडक्या पैशांत मिळतात. मी ते घालतो, सोबती हसतात.

मी का घालतो ते सांगतो. यंत्रमागाच्या खोलीत ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. माझ्या वडिलांनी त्या खडखडाटात सव्वीस वर्षे काढली. अशा आवाजाने आधी वरच्या कंपनांचे ऐकणे जाते. व्यंजने पुसट होतात, शब्द कळत नाहीत. खर्ज मात्र बराच काळ शाबूत राहतो. गेल्या नवरात्रात ते प्रथमच माझ्या कार्यक्रमाला आले. गायिकेचे शब्द त्यांना नीट लागले नाहीत, बासरी तर ऐकूच आली नाही. घरी येऊन म्हणाले, “तुझं तेवढं समदं ऐकलं बघ. तिसऱ्या गाण्यात जरा घाई झाली तुझी.” तिसरे गाणे खरोखरच लयीत चढले होते, मंचावर ते कुणाच्या ध्यानी आले नव्हते. आयुष्यभर मागाचा ठेका ऐकून कुठला धोटा चुकतो हे ओळखणाऱ्या माणसाला ते कळले.

बास ऐकत कुणी नाही, असे मला वाटत असे. आता वाटते की ऐकणारे असतात. फक्त ते पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारीत नाहीत. आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी गायक पुष्कळ निघतात, गिटार घेणारेही निघतात. खाली उभे राहून सगळ्यांना पेलण्याची ज्याची तयारी असेल त्याने एकदा ही चार तारांची गिटार हातात घेऊन पाहावी. माझी वापरून पाहायला हरकत नाही. फक्त चहाला जाताना वायर तेवढी उपसून ठेवावी.